घरची घंटा

पडद्याच्या फटीतून हेमांगीने सहाव्यांदा पाहिलं. पहिल्या रांगेतली बाबांची खुर्ची रिकामीच होती. पदरमोड करून उभारलेल्या नाटकासाठी तिने घरातला सोफा, पडदे, कपबशासुद्धा शाळेच्या हॉलवर हलवल्या, तेव्हा बाबा कडाडले होते, "त्या हॉलची मी पायरीसुद्धा चढणार नाही!"

दोन घंटा होऊन गेल्या होत्या. "ताई, लोक चुळबुळायला लागलेत. तिसरी देऊ?" भार्गवीने विंगेतून विचारलं. तिच्या हातात हेमांगीच्या घरच्या दाराची बेल होती; वेगळी घंटा आणायलाही पैसे उरले नव्हते.

"दे! आता कुणासाठी थांबायचं?" हेमांगी तडकून म्हणाली.

हॉलमधले दिवे मालवले. बेल टिंगटाँग वाजली.

आणि अंधारातून, अगदी शेवटच्या रांगेतून, ओळखीचा आवाज दार उघडायला धावल्यासारखा उठला, "आलो, आलो!"