दर रविवारी अडखळणारा माणूस

शेरझोद उझबेकिस्तानातून कोरियातल्या बुसानला आला त्याला सतरा वर्षं झाली होती. तो इतक्या अस्सल बुसानी बोलीत घासाघीस करायचा की मासळीबाजारातल्या आज्यासुद्धा त्याच्यापुढे हात टेकायच्या. मग टीव्हीवरच्या रविवारच्या विनोदी कार्यक्रमात त्याला काम मिळालं आणि पहिल्याच दिवशी दिग्दर्शक मिन वैतागले.

"अहो, डोळे मिटून ऐकलं तर तुम्ही माझे मामा वाटता! या चेहऱ्याला ही बोली शोभत नाही. जरा अडखळा. आणि किमचीचं तिखट लोणचं खाल्लं की हाशहुश करून पाणी प्या."

"साहेब, घरची किमची मीच घालतो."

"घरी घाला हो. इथे पाणी प्या."

शेरझोद सहा वर्षं अडखळला, पाणी प्यायला आणि भलताच लोकप्रिय झाला.

यंदा त्याने कोरियन नागरिकत्वासाठी अर्ज केला. बायको आणि मुलगी इथल्याच, तेव्हा विमानतळावर त्यांच्या रांगेत उभं राहता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. मुलाखतीत त्याने इतिहासाची उत्तरं घडाघडा दिली आणि राष्ट्रगीताची चारही कडवी न चुकता म्हटली.

"पाठांतर छान केलंत हं," मुलाखत घेणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या आणि भाषेच्या रकान्यात त्यांनी 'नापास' लिहिलं.



"पण तुम्हाला खरं कोरियन कितपत येतं, ते आम्ही दर रविवारी सहकुटुंब बघतो ना!"