मेला उशीर

निर्वासितांच्या कचेरीतून पत्र आलं, तसं आईने हात पुसून ते लेकीपुढे धरलं. "वाच. कॉलेजात इंग्रजी शिकतेस ना?"

सरहद्दीपलीकडे राहिलेल्या बाबांची ही पहिलीच खबर. बाकी सगळं डोक्यावरून गेलं, 'युअर लेट हजबंड' एवढंच कळलं. लेट तिच्या ओळखीचा शब्द. बस चुकली की हजेरीत तिच्या नावापुढे तोच पडायचा. तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबांना उशीर होतोय, एवढंच आहे."

"होऊ दे मेला उशीर," आई कितीतरी महिन्यांनी हसली. "लग्नालाही उशिराच आले होते."

दुसऱ्या दिवशी बाकीचे शब्द विचारायला तिने पत्र इंग्रजीच्या बाईंपुढे ठेवलं. बाईंनी वाचलं आणि उठून वर्गाचं दार लोटलं. "हजबंडच्या आधी लेट लिहिलं, की माणूस उशिरा नाही येत, बाळ. येतच नाही."

घरी आई बाबांच्या जपून आणलेल्या सदऱ्याला इस्त्री करत होती. "विचारलंस बाईंना? किती उशीर होईल म्हणतात?"

लेकीने पत्र वहीत आणखी आत सरकवलं.

"तेवढं इंग्रजी मला अजून येत नाही, आई."