चौथा पर्याय

सहा चाळीसला सुटलेल्या बसला एक तास पन्नास मिनिटं लागतात, तर ती किती वाजता पोचेल? लैलीनं पेन्सिल टेकवलीसुद्धा नाही.

"साडेआठ. एवढंच?"

"एवढंच नाही, अजून आहे," म्हणत हुस्निआतीनं कागद उलटला. परीक्षा केंद्राच्या गाडीनं ती पहाटेच माताराम शहरातून निघाली होती. तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमागच्या या शाळेत सहावीच्या वर्गानं चौदाव्या प्रश्नावर माती खाल्ली होती, आणि ती का, हे केंद्रात कुणालाच सांगता येत नव्हतं.

संगणकानं मुलांना एकूण गुणांवर जुळवलं नव्हतं. कुणाला काय येतं, यावर जुळवलं होतं. घड्याळ वाचणं, तास मिळवणं, मिनिटांचा हातचा घेणं. हे सगळं येणारी शहरातली मुलं आणि हे सगळं येणारी इथली मुलं शेजारी ठेवली, की बाकीचे प्रश्न सारखेच सुटत. चौदावा तेवढा शहरात सुटत होता, इथे नाही. इथल्या बहुतेकांनी चौथा पर्याय निवडला होता, 'सांगता येणार नाही'.

"डोकं चालवायचा कंटाळा आला की चौथा," हर्यादी सर केंद्रात म्हणाले होते. "तू जाऊन बघ हवं तर. दुपारी निवासी शाळेच्या प्रवेशाची यादी बंद होतेय. कारण सापडलं तर प्रश्न बाद करू, नाही तर यादी तशीच जाईल." त्या यादीत लैली जराशी खाली राहिली होती. चौदाव्याच्या गुणांइतकीच खाली.

"हा वाच. आणि मनात काय येईल ते मोठ्यानं बोल."

लैलीनं वाचलं. "आई पावणेआठला बाजाराला गेली. तिला दीड तास लागेल. आई किती वाजता परत येईल?" आणि लगेच चौथ्या पर्यायाला गोल केला.

"अगं, नीट वाच."

"वाचलं की."

"मग बसचं कसं चटकन आलं तुला?"

"बस येते, बाई."

दाराशी उभे असलेले गुरुजी खाली बघायला लागले. हुस्निआतीला काहीच कळेना.

"बाजार लांब आहे का तुमचा?"

"छे. मशिदीमागेच आहे."

"मग आईला यायला कितीसा वेळ लागणार?"

मोठ्या माणसाला एवढंही कळू नये, अशा नजरेनं लैलीनं तिच्याकडे पाहिलं. "बाई, तसं सांगतात. मी बालवाडीत होते, झोपून उठले तर आई नव्हती. आजी म्हणाली, बाजाराला गेलीय, येईल. ती सौदीला गेली होती. तिथे घरकामाला आहे." तिनं पेन्सिलीनं खिडकीबाहेर दाखवलं. आंब्याखाली मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. "ती दोरी फिरवतेय ना, तिची आई पण बाजाराला. त्या उंच मुलीची पण. तिला तर सांगितलं होतं, केळी घेऊन येईल."

हुस्निआतीनं प्रश्न पुन्हा वाचला. मसुद्यात 'आई ऑफिसला गेली' असं होतं. खेड्यातल्या मुलांवर अन्याय नको, म्हणून तिनंच 'ऑफिस' खोडून 'बाजार' केलं होतं. बाजार काय, प्रत्येक गावात असतो. समितीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तिनं फोन लावला. "सर, चौदावा बाद करा."

"कारण? भाषा की चित्र?"

"भाषा नाही. चित्रही नाही."

"मग रकान्यात लिहू काय मी? तुझं डोकं?"

"मुलांना गणित येतं, सर. आपला प्रश्न खोटा आहे."

"बरं, काढतो," सर म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत लेखी हवं."

फोन ठेवून ती वळली, तर लैलीच्या हातात खोडरबर होता.

"सव्वानऊ येतं, बाई. मला येतं गणित. तुम्हाला हवं असेल तर तसं लिहिते."

"नको. राहू दे."

लैलीनं खोडरबर खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्हाला आहे का कुणी लहान?"

"मुलगा आहे. दोन वर्षांचा."

"आत्ता कुठाय?"

"घरी. आजीपाशी. मी निघाले तेव्हा झोपला होता."

"मग उठल्यावर त्याला काय सांगायचं ठरलंय?"

हुस्निआतीची नजर कागदावरच्या 'बाजाराला' या शब्दावर गेली. लैलीनं ती नजर पाहिली. मग स्वतःच कागद पालथा घातला.

"पुढचा द्या, बाई."