लेडी युफिमियाची धून

शिळ्या मुतात भिजवलेलं लोकरी कापड आम्ही बाया फळीवर आपटत होतो. स्कॉटलंडच्या थंडीला पुरेल इतकं ते त्याशिवाय घट्ट होत नाही. हात एका ठेक्यात पडावेत म्हणून गात होतो. गाणं माझ्या आईचं, बाबांची होडी परतली नाही तेव्हा रचलेलं. दारात जहागीरदारांचा फिडलवाला अँगस नाकाला रुमाल लावून उभा होता.

"पुन्हा गा," म्हणाला. आम्ही गायलो.

महिन्याभराने गढीवर नाच होता, मी ताटं उचलत होते. अँगसने फिडल खांद्याला लावली आणि माझ्या आईचं रडणं दुडक्या चालीत वाजायला लागलं. त्यावर मंडळी टाळ्या पिटत नाचली.

"कुठे सुचली ही धून?" जहागीरदारांच्या पत्नी लेडी युफिमियांनी विचारलं.

"आपल्या बागेत, बाईसाहेब. गुलाबांच्या वासात. नावही आपलंच दिलंय."

बाईसाहेबांनी लाजून शाल गालाशी धरली. ती आम्हीच आपटलेली.

अँगस रिकामा पेला माझ्या ताटात ठेवायला आला. मी एप्रन नाकाला लावला.

"काय झालं?"

"वास येतोय. मुताचा असता तर धुतल्यावर गेला असता."