कोरडी खाच

बाबांचे मित्र इलाहीचाचा यांनी आपल्या दुकानात दोन रायफली काढून काउंटरवर ठेवल्या. शेजारी बाबांनी माझ्यासाठी कोरलेला दस्ता होता, रायफलीचा खांद्याला टेकायचा अक्रोडाचा लाकडी भाग. तो पुरा झाला असं वाटलं आणि आठवड्यात बाबा गेले. रायफल स्वस्तातली घ्यायची आणि दस्ता आपला चढवायचा, हा त्यांचाच बेत.

"ही घे बेटा, बारीक नळीची. दस्त्यात अलगद बसते."

मी बोल्ट काढून नळीला डोळा लावला आणि ती दाराच्या उजेडाकडे धरली. आतली सावलीची रेघ मध्येच मोडत होती. "वाकडी आहे."

"किंचित. पन्नास मीटरवर कोणाला कळतंय?"

"बाबांना कळलं असतं."

दुसरीची रेघ सरळ होती, पण नळी जाड. दस्त्याच्या खाचेत ती वरच अडली.

"ही बसवायची तर खाच तासावी लागेल," चाचा म्हणाले. "त्याच्या हातचं शेवटचं काम आहे. मी पटाशी लावणार नाही."

मलाही ते नको होतं. मी खाचेतून बोट फिरवलं. बाकीचा दस्ता तेल पाजून गुळगुळीत केला होता, खाच मात्र कोरडी, खरखरीत. काम उरलेल्या लाकडाला बाबा कधीच तेल लावत नसत.

"संपवला नव्हता त्यांनी," मी म्हणाले. "नळी ठरायची वाट बघत होते." मग मी पटाशी मागितली.

चाचांनी ती दिली, आणि मी तासताना हलू नये म्हणून दस्ता दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.