डब्यातलं रान

"हा बी घे," दत्तोबा म्हणाले आणि तेलाचा पत्र्याचा डबा त्यांनी पालथा केला. त्यातलं वांग्याचं रोप मातीसकट अंगणात पडलं. डबा झुंबर भंगारवाल्याच्या टेम्पोत गेला.

झुंबर घुटमळला. "आबा, फुलं लागलीत की वांग्याला. काकूंना इचारलंय का?"

"घर माझं हाय."

दत्तोबांची बायको कौसल्या सकाळीच भाचीबरोबर मोरगावला दर्शनाला गेली होती. ती घरात असताना दत्तोबांच्यानं हे झालं नसतं.

कळंबच्या या अंगणात एके काळी माणसं यायची ती दत्तोबांसाठी. बेणं कुठून आणायचं, लागण कधी करायची, पाणी कधी तोडायचं, हे विचारायला लांबलांबचे ऊसवाले ओट्यावर बसून राहायचे. मग गुडघे गेले. रान मुलानं, राजवर्धननं, हाती घेतलं. ओटा रिकामा झाला.

त्याच सुमारास कौसल्यानं मिक्सरच्या फुटक्या भांड्यात पुदिन्याची काडी खोचली. पाणी जास्त झालं, काडी कुजली. दत्तोबा तेव्हा पोटभर हसले होते. तिनं भांड्याला खालून भोक पाडलं आणि दुसरी काडी लावली. ती जगली. मग रंगाच्या बादल्या आल्या, गळकी घागर आली, राजवर्धनचं तडकलेलं हेल्मेटसुद्धा आलं. दोन वर्षांत मिरच्या, टोमॅटो आणि कारल्याच्या वेलानं अंगण भरलं. बचत गटाच्या बाया रोपं मागायला येऊ लागल्या. शाळेच्या स्वप्नालीबाई एकदा अख्खा वर्ग घेऊन आल्या. कौसल्या पोरांना सांगत होती, पोरं वहीत लिहून घेत होती. दत्तोबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

तरी तेवढं त्यांनी गिळलं होतं. कालचं गिळता आलं नाही. काल इंदापूरहून कृषी खात्याचे साहेब आले. जीप बघून दत्तोबांनी टोपी नीट केली आणि काठी टेकत पुढं झाले. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आबा, कौसल्याबाई कुठं आहेत?"

दत्तोबांनी पुढची बादली उपडी केली. माती हातावर आली, काळी, भुसभुशीत. उसाचं पाचट कुजवून कौसल्यानं ही माती केली होती. तेच पाचट दत्तोबा जन्मभर पेटवत आले होते. अशी माती आपल्या रानात कधीच नव्हती, हे त्यांच्या बोटांना लगेच कळलं. त्यांनी बादली टेम्पोत भिरकावली.

तेवढ्यात फाटक वाजलं. कौसल्या आत आली आणि जागीच थांबली. तिनं अंगणात पडलेली रोपं बघितली, टेम्पो बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं. झुंबरनं मान खाली घातली.

दत्तोबांनीच आधी तोंड उघडलं. "दारात नुसतं भंगार मांडलंय. एवढी हौस असंल तर बांधाकडचं दोन वाफं देतो तुला. काय लावायचं त्ये मी सांगतो."

कौसल्या खाली बसली. वांग्याचं रोप उचलून तिनं मुळांभोवतीची माती हलक्या हातानं दाबली.

"चाळीस वर्सं तुमच्या रानात खुरपलं," ती म्हणाली. "काय लावायचं, ते एकदाबी मला कुणी इचारलं न्हाय. म्हणून डब्यात लावलं."

तिचा आवाज चढला नव्हता. दत्तोबांनी आठवून बघितलं. एखादा हंगाम, एखादं पीक, कोपऱ्यातला एखादा वाफा तरी. काहीच आठवेना.

"आबा, जाऊ का मी?" झुंबरनं हळूच विचारलं.

दत्तोबांनी हातानं त्याला थांबवलं. टेम्पोतली एक बादली त्यांनी खाली घेतली. गुडघे धरत, कण्हत ते कौसल्याच्या शेजारी मातीत बसले. बादली तिच्यापुढं ठेवली आणि खालमानेनं विचारलं,

"ह्यात काय लावायचं?"