अजून थोडं

नातीसाठी गिटार करायला घेतली तेव्हा आजोबांचे कान जवळजवळ गेलेलेच होते. पुढची फळी रंध्याने तासायची, बोटाने ठोकायची आणि आवाज मोकळा झाला का ते ऐकायचं. हे ऐकायचं काम त्यांनी आजीवर सोपवलं.

रोज दुपारी सगळं आवरून आजी मागच्या खोलीत यायची, स्टुलावरचा भुसा झटकून बसायची. आजोबा फळी ठोकून भुवया उंचवायचे. आजी त्यांच्याकडे निरखून बघायची आणि हाताने खूण करायची, अजून थोडं. की आजोबांनी पुन्हा रंधा उचलायचा. पंधरा दिवस हेच. सोळाव्या दिवशी आजीने एकदाची मान डोलावली. झालं.

गिटार तयार झाली. नात डोळे मिटून वाजवत राहिली. आजोबांनी सवयीने आजीकडे बघून भुवया उंचावल्या.

आजी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मला काय विचारता? मला तरी कुठे ऐकू येतंय दोन वर्षांपासून!"

आजोबांनी गिटारकडे बोट दाखवून हातानेच विचारलं, मग हे कसं?

"तुमच्या अंगात जोर होता तोवर म्हटलं, अजून थोडं. हात थरथरायला लागला, तेव्हा म्हटलं, झालं."